सल्ला हवा: सरकारी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान कोठे शिकावे?

हळदीचे_रान: नमस्कार. मी वसमतची असून यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाले आहे. घरी हळदीचे पीक असल्यामुळे शिजवण, वाळवण आणि पॉलिश लहानपणापासून पाहत आले. त्याच्या पुढचे शास्त्र शिकावे, म्हणून अन्नतंत्रज्ञानाच्या बी.टेक.ला जायचे ठरवले आहे. वसतिगृह आणि खानावळ धरून वर्षाला ८० हजारांहून अधिक खर्च घरच्यांना झेपणार नाही. परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय घ्यावे की आणखी कोठे पाहावे?

माटुंगावासी: मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था सोडून दुसरा विचार करू नका. तिची परंपरा १९३३ पासूनची आहे. माझा धाकटा भाऊ तेथे शिकला आणि पदवी हाती येण्यापूर्वीच त्याला नोकरी लागली. गरज पडल्यास एक वर्ष थांबा आणि सीईटी पुन्हा द्या.

दूधसंघ_प्रयोगशाळा: ताई, मी दुग्धतंत्रज्ञान शिकलो आणि तुम्हालाही तेच सुचवीन, उदगीर आणि वरुड (पुसद) येथे सरकारी महाविद्यालये आहेत. मात्र हाताला सवय लागेल अशी प्रयोगशाळा आधी पाहून या. पहिल्या वर्षी दुधातील फॅटचे (स्निग्धांशाचे) प्रमाण मोजताना मी नळीतल्या १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्लावर १०.७५ मिलिलिटर दूध घाईने सोडले, बूच नीट न बसवता नळी हलवली, आणि तापलेले आम्ल मनगटावर आले. तो डाग आजही आहे. दूध कडेने हळूहळू सोडावे, हे त्या दिवशी कायमचे समजले.

गृहविज्ञान_पदवीधर: अन्नशास्त्र आणि अन्नतंत्रज्ञान एकच आहे, असे कोणी सांगितले तर मानू नका. माझ्या अभ्यासक्रमात पोषणावर भर होता, यंत्रांवर नव्हता.

माटुंगावासी: हा भेद तितका मोठा नाही. दोन्हीकडे रसायनशास्त्र लागतेच.

गृहविज्ञान_पदवीधर: उष्णता-वहन आणि बाष्पीभवनाची गणिते करावी लागली की तो भेद कळतो.

परभणीकर_७८: परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासूनचे आहे आणि मी तेथील जुन्या तुकडीतला आहे. शेवटच्या वर्षी कारखान्यात प्रशिक्षण असते. त्याची जागा स्वतः हिंडून मिळवा. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला ही पदवी चालते, परंतु दुग्धतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि कृषी पदवीधरही त्याच रांगेत असतात, म्हणून केवळ त्या एका आशेवर येऊ नका. पुढे गेटमध्ये (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत) अभियांत्रिकी विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत अन्नतंत्रज्ञानाचा विभाग निवडता येतो, आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत एम.एस्सी. करता येते.

पुणेरी_पालक: माझ्या मुलीला खासगी महाविद्यालयात घातले. वर्षाला दीड लाख भरतो, पण तेथील प्रयोगशाळेतील अर्धी यंत्रे प्लास्टिकच्या आवरणात झाकलेली आहेत. तरीही पुण्यात राहिल्याने मुले धीट होतात, असे माझे मत आहे.

माटुंगावासी: पुन्हा सांगतो, एक वर्ष थांबा.

हळदीचे_रान: सर्वांचे मनापासून आभार. वर्ष वाया घालवण्याइतके बळ घरात नाही आणि दुधाकडे माझा ओढा नाही. काल परभणीला जाऊन आले. तेथे एका ताईने हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून दाखवले. गुलाबी झालेला रंग पाणी वाढवल्यावरही टिकला, तर मेटॅनिल यलो या खाण्यास मनाई असलेल्या कृत्रिम पिवळ्या रंगाची भेसळ समजायची. आमच्या हळदीचा गुलाबी रंग पाणी घालताच गेला. मी पहिली पसंती परभणीचीच भरली आहे.

परभणीकर_७८: येताना घरची हळद घेऊन या, प्रकल्पासाठी लागेल.