केमिकल शिफ्ट म्हणजे विस्थापन का? दुसरा शब्द सुचवा

टीवायला (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला) एनएमआर शिकवतेय, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वापरून रेणूतले हायड्रोजन ओळखायचं तंत्र, वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. नोट्समध्ये केमिकल शिफ्टला 'रासायनिक विस्थापन' लिहिलं तर एका मुलीने विचारलं, मॅडम, यात कोण कोणाला बाहेर काढतंय? तिचं बरोबरच आहे, शाळेत विस्थापन अभिक्रिया शिकलेत ना, लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला की लोखंड तांब्याची जागा घेतं. शिल्डिंगलाही शब्द हवाय.

---

विस्थापन काढूनच टाका. हायड्रोजन जिथल्या तिथे असतो, सरकतं ते आलेखावरचं शिखर, म्हणून मी सरळ 'सरक' म्हणतो. टीएमएस या संदर्भासाठी घातलेल्या पदार्थाचं शिखर शून्यावर धरायचं आणि तिथून किती पीपीएम (दशलक्षांश भाग) डावीकडे सरकलं ते वाचायचं. शिल्डिंगला माझा शब्द 'आडोसा'. हायड्रोजनभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून आडोसा देतात, शेजारी ऑक्सिजन असला की तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, आडोसा विरळ होतो, शिखर डावीकडे जातं. इथेनॉलच घ्या, सीएचथ्री साधारण 1.2 ला आणि ऑक्सिजनला चिकटलेला सीएचटू 3.7 च्या आसपास, एवढं फळ्यावर काढलं की आडोसा शब्द मुलं विसरत नाहीत.

---

आडोसा फार आवडला! स्प्लिटिंगला, म्हणजे एकाच शिखराचे तुकडे होण्याला, मी 'फाटे' म्हणते. शेजारच्या कार्बनवर जितके हायड्रोजन त्यात एक मिळवायचा तितके फाटे, म्हणजे सीएचथ्रीला तीन आणि सीएचटूला चार. मुलं हमखास स्वतःचेच हायड्रोजन मोजतात, म्हणून मी 'शेजारी मोजा' एवढंच म्हणत राहते. आणि इंटिग्रेशनला 'उंची' अजिबात म्हणू नका, ते शिखराखालचं क्षेत्रफळ आहे, चार फाट्यांत वाटलेला सीएचटू बुटका दिसतो पण त्याचे हायड्रोजन दोनच्या दोन भरतात.

थोडं अवांतर, पण मुलांना जरूर सांगा. 1951 साली स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी याच इथेनॉलची तीन वेगवेगळी शिखरं दाखवली, क्षेत्रफळं 3:2:1, फाटे त्यात दिसले नव्हते. हेच धर्मट्टी पुढे मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचं काम उभं केलं.

---

दोघांचे मनापासून आभार. सरक, आडोसा, फाटे नोट्समध्ये घालते, परीक्षेसाठी इंग्रजी शब्द शेजारी ठेवेनच. एक राहिलं, ओएचचा हायड्रोजन सीएचटूच्या शेजारी आहे तरी त्याला बहुतेक वेळा फाटे दिसत नाहीत, ते कसं सांगता?

---

तो एका जागी टिकत नाही हो, एका रेणूवरून दुसऱ्यावर इतक्या भराभर जातो की शेजाऱ्यांचा परिणाम सरासरीत पुसला जातो. मी याला 'अदलाबदल' म्हणतो. नळीत जड पाण्याचे दोन-चार थेंब टाकून हलवलं की ओएचचं शिखर जातंच, हायड्रोजन निघून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) येऊन बसतो. त्या मुलीला सांगा, कोण कोणाला बाहेर काढतंय हा प्रश्न इथे विचारायचा.