टॅग एसएनपी: प्लिंकची यादी घ्यावी की हॅप्लोव्ह्यूची?

प्रकल्पग्रस्त:
टाइप 2 डायबिटीसचा केस-कंट्रोल अभ्यास आहे. जीन एकच, टीसीएफ7एल2. पॅनेलमध्ये (एका वेळी तपासायच्या संचात) जेमतेम 36 एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) बसतात, म्हणून बाकीच्यांच्या वतीने बोलणारे मोजके 'टॅग' निवडायचेत. 1000 जीनोम्सचा (जगभरच्या लोकांच्या जनुकीय माहितीचा खुला साठा) डेटा घेऊन हॅप्लोव्ह्यू या प्रोग्रॅममधला टॅगर, म्हणजे टॅग निवडणारं साधन, चालवला (आर-स्क्वेअर, म्हणजे दोन एसएनपी किती जोडीने चालतात त्याचं 0 ते 1 माप, 0.8; एमएएफ, म्हणजे कमी आढळणाऱ्या रूपाचं (अ‍ॅलीलचं) प्रमाण, 5 टक्के), तर नव्वदच्या वर टॅग आले. मग प्लिंक या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये इंडेप-पेअरवाइज ही कमांड आर-स्क्वेअर 0.2 लावून बघितली, तर यादी झटकन तिशीत. गाइड म्हणतात, हीच घ्या. मला पटत नाहीये, पण का ते त्यांना नीट सांगता येत नाहीये.

जनुकवेडा:
शंका रास्त आहे. इंडेप-पेअरवाइज छाटणी करतं, टॅगिंग नाही. 0.2 लावलंत म्हणजे दोन एसएनपींमध्ये आर-स्क्वेअर 0.25 असला तरी त्यातला एक बाद. मग त्या बाद झालेल्याच्या वतीने यादीतला कोण बोलणार? 0.25 वाला? पीसीएसाठी (नमुन्यांतली लोकसमूहांची रचना बघायला) ही छाटणी उत्तम, इथे नको. टॅगरचा हिशेब वेगळा: प्रत्येक एसएनपीशी किमान 0.8 ने जोडलेला कोणीतरी यादीत हवाच. म्हणून ती लांबते.

हॅप्लोव्ह्यूतच राहा. आधी आरएस7903146 हा एसएनपी फोर्स इन्क्लूड करा (यादीत सक्तीने घ्या). या जीनमधला सगळ्यात पक्का सिग्नल तोच. तो नसेल तर रिव्ह्यूअर पहिला प्रश्न तिथेच विचारेल. ज्यांचे प्रायमर (तपासायचा तुकडा वाढवायला लागणारे छोटे डीएनए) नीट बनत नाहीत ते एक्स्क्लूड करून टॅगर पुन्हा चालवा. तरीही कापावं लागलं तर जे टॅग फक्त स्वतःपुरते आहेत, ते आधी काढा.

अग्रेसिव्ह टॅगिंगचा मोह होईल. दोन-तीन एसएनपींचा हॅप्लोटाइप (एकत्र येणारा संच) मिळून दुसऱ्याचं काम करतो, यादी आखडते. पण त्यातला एक जिनोटायपिंगमध्ये फेल गेला की त्याच्या भरवशावरचे सगळे गेले.

सव्वाशेर:
एवढा खटाटोप कशाला? व्हीईपीत (बदलाचा परिणाम सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाका, प्रथिन बदलणारे ठेवा. बाकी कचरा.

जनुकवेडा:
मग आरएस7903146 च कचऱ्यात जाईल. तो इंट्रॉनमध्ये, म्हणजे जीनच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात आहे.

@प्रकल्पग्रस्त, 1000 जीनोम्समधले कोणते लोक घेतलेत?

प्रकल्पग्रस्त:
सगळे 2504. नमुने जितके जास्त तितकं बरं, असा गाइडचा आग्रह.

जनुकवेडा:
तरीच नव्वद! त्यात 26 लोकसमूह आहेत. आफ्रिकन वंशाच्या लोकांत एलडीचे (एसएनपी जोडीने चालण्याचे) पट्टे आखूड असतात, त्यामुळे टॅग जास्त लागतात. शिवाय समूहासमूहांत अ‍ॅलीलची वारंवारता वेगळी असली की सरमिसळीत खोटा एलडीही दिसू लागतो. तुमच्या नमुन्यांना जवळचा एकच समूह घ्या.

प्रकल्पग्रस्त:
घेतला. 51 आले. स्वतःपुरते टॅग काढतोय. गाइडना 0.25 चा मुद्दा सांगितला, त्यावर नुसतंच "हं" म्हणाले.

जनुकवेडा:
"हं" म्हणजे मंजूर समजा. ऑर्डर देण्याआधी बिल्ड (जीनोमच्या संदर्भ नकाशाची आवृत्ती) तेवढा बघा. 1000 जीनोम्स फेज 3 च्या मूळ फायली जीआरसीएच37 वर आहेत. प्रायमर 38 वरून काढलेत आणि पोझिशन 37 च्या राहिल्या, तर भलताच तुकडा वाढेल.