चौथ्या वर्षाच्या रिसर्चला लॅबवाले पण लागतात
कोणीतरी लिहिलंय की चार वर्षांच्या डिग्रीत चौथ्या वर्षाचा रिसर्च करायला मुलांना फक्त चांगला गाईड मिळाला की झालं, ते अर्धंच खरंय. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या फ्रेमवर्कप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तरच ऑनर्स विथ रिसर्च (म्हणजे चौथ्या वर्षी रिसर्च असलेली डिग्री) घेता येतं, त्यात १२ क्रेडिट नुसत्या प्रोजेक्टचे, म्हणजे मुलगा वर्षभर लॅबमधेच असणार. मग लॅब उघडणार कोण, सोल्युशनं बनवणार कोण?

मी एमएस्सीला होते तेव्हा आमचे लॅब असिस्टंट काका रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही. मॅडम तासिका तत्त्वावर, त्या लेक्चर झालं की दुसऱ्या कॉलेजला पळायच्या. स्पेक्ट्रोफोटोमीटर (सोल्युशन किती प्रकाश शोषतं ते मोजायचं मशीन) चालू करून आधी ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घातलेलं सोल्युशन, लावून झिरो करायचं, क्युवेट (सोल्युशन भरायची छोटी पारदर्शक नळी) बोटांनी कुठे धरायची, हे सगळं मला काकांनीच शिकवलं होतं, नंतरच्या बॅचला सांगणारं कोणीच नव्हतं आणि त्यांची अर्धी रीडिंग वाया गेली हो.

त्यामुळे ॲडमिशन घेताना गाईडबरोबर हेही विचारा की लॅब असिस्टंट कायम आहे का आणि लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते.