फांद्यांमधला पक्षी: बर्ड डिटेक्शन चालू ठेवायचं की बंद?

वाटसरू पनवेल

कर्नाळ्याच्या पायवाटेवर हल्ली कुणी नवा भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "बर्ड आय आहे का तुमच्यात?" म्हणजे कॅमेऱ्यात, पक्षी आणि त्याचा डोळा आपोआप ओळखून तिथे फोकस करणारी सोय (बर्ड डिटेक्शन). असेल तर फोकसचा विषय संपला, अशी समजूत आहे. माझं मत उलटं आहे आणि ते इथे मुद्दाम ठासून मांडतोय, पटलं नाही तर खोडून काढा.

भिगवणच्या पाण्यात उभे रोहित असोत की तारेवर बसलेला खाटीक, पक्षी उघड्यावर असला की बर्ड डिटेक्शनसारखं सुख नाही. पण झाडीत शिरलेल्या पक्ष्यासाठी मी ते सरळ बंद करतो. एकच बारीक फोकस पॉइंट, बटण दाबलंय तोवर फोकस बदलत राहणारा कंटिन्युअस मोड (निकॉनचा एएफ-सी, कॅननचा सर्व्हो) आणि फोकस शटरवरून काढून मागच्या, अंगठ्याच्या बटणावर.

कारण साधं आहे. कॅमेऱ्याला मोठी चौकट दिली की तिच्यात जे जवळचं आणि उठावदार असेल ते तो धरतो, आणि झाडीत जवळचं म्हणजे काडी. निकॉनच्या डीएसएलआरमधला (आरशाच्या कॅमेऱ्यातला) ग्रुप एरिया, म्हणजे अनेक पॉइंटचा एकत्र गट, तर मुळातच जवळच्या वस्तूला झुकतं माप देतो. आकाशातल्या घारीला तो उत्तम, कारण मध्ये काहीच नसतं. आंब्याच्या डहाळीत मात्र तो दर वेळी पुढचं पान धरणार. डिटेक्शनवाल्या बॉडीतही पक्षी ओळखता आला नाही की शेवटी हाच प्रकार होतो.

आणि इथे चुकायला जागाच नसते. क्रॉप (लहान) सेन्सर, ५०० मिमी लेन्स, एफ ५.६, पक्षी १० मीटरवर: शार्प पट्टा जेमतेम ९ सेंटिमीटरचा. तोच पक्षी ६ मीटरवर आला की ३ सेंटिमीटर. काडी वीतभर पुढे असली तरी पक्षी गेला. मागच्या स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. घरी मोठं करून बघावं तर काडीवरची बुरशी मोजता येते आणि निखार पक्ष्याचा डोळा धुरकट.

एकटाकी

साफ असहमत. धागाकर्त्यांच्या डोक्यात अजून २०१६ चा डी५०० आहे. (कॅमेरा उत्तमच, वाद नाही.) त्यानंतर कॅननचा आर५ २०२० मध्ये आला, सोनीचा ए१ २०२१ मध्ये, निकॉनने झेड९ ला २०२३ च्या फर्मवेअरमध्ये पक्ष्यांसाठी वेगळा पर्याय दिला. हे कॅमेरे "जवळचं काय" एवढंच बघत नाहीत, चित्रात पक्ष्याचा आकार शोधतात. पुढे काडी आडवी असली तरी डोकं आणि चोच दिसत असेल तर डोळ्यावरचा चौकोन सुटत नाही.

उलट तुमच्या बारीक पॉइंटचं काय? सुभग पक्षी एका डहाळीवर सेकंदभर टिकत नाही. तुम्ही जॉयस्टिक ढकलत पॉइंट त्याच्या डोळ्यापर्यंत नेणार, तोवर तो तीन फांद्या पुढे. मग पॉइंट मधेच ठेवून सगळे पक्षी फ्रेमच्या मधोमध. असे फोटो मी पण काढलेत, हार्ड डिस्क भरलीय.

वाटसरू पनवेल

"डोकं आणि चोच दिसत असेल तर" हे तुम्ही स्वतःच लिहिलंत. कर्नाळ्यात निम्म्या वेळा शेपूट आणि पोटाचा तुकडा दिसतो. तिथे कॅमेरा पानाच्या गोल कडेवर चौकोन काढून "डोळा सापडला" म्हणून मोकळा होतो.

हळदुली

मी ओहायोत असते, तर इथला अनुभव. मे महिन्यात एरी सरोवराच्या काठी मगी मार्शला स्थलांतर करणारे वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी उतरतात. लाकडी पुलावर उभं राहायचं, पक्षी हाताच्या अंतरावर. झाडांना पालवी नुकती फुटत असते, म्हणजे पानं कमी आणि काड्यांचं जाळं जास्त. वॉर्बलर एका जागी थांबतच नाही. अशा वेळी बारीक पॉइंटने मला काहीही मिळालेलं नाही, डिटेक्शननेच मिळालं. त्यामुळे एकटाकींना +१.

पण एक खोच आहे. लेन्सचा फोकस आधीच खूप मागे गेला असेल तर समोरचा पक्षी इतका धूसर असतो की ओळखायला काही उरतच नाही. मग कॅमेरा मागच्या झुडपांवर चिकटून बसतो, बटण कितीही दाबा. मिररलेसचं (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचं) हे दुखणं जवळजवळ प्रत्येकाने सोसलंय. मी त्याच अंतरावरचा पुलाचा कठडा किंवा खोड धरून फोकस पुढे आणते, मग पक्ष्याकडे वळते.

जुनी काच

हळदुली ताई, कठडा कशाला शोधता? लेन्सवर फोकसची रिंग दिलीय ती फिरवा की! बहुतेक टेली (लांब पल्ल्याच्या) लेन्समध्ये ऑटोफोकस चालू असतानाही हाताने फिरवता येते (काहींत सेटिंग बदलावं लागतं). व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी ढोबळ दिसेपर्यंत रिंग, मग बटण. मोड कुठलाही असो, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि लेन्सच्या कडेचा लिमिटर, म्हणजे ठरावीक अंतराच्या अलीकडे फोकस जाऊ न देणारं बटण. निकॉन २००-५०० ला ६ मीटरच्या पुढे, सोनी २००-६०० ला १० मीटरच्या पुढे. जवळच्या काड्यांकडे लेन्स जातच नाही, शोधाशोध अर्ध्यावर येते. फक्त हाइडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) बसलात तर लिमिटर आठवणीने काढा. तिथे पाण्यावरचा पक्षी चार मीटरवर येतो आणि लोक "फोकस बिघडला" म्हणून कॅमेरा हलवत बसतात.

नवशिका

एक बाळबोध प्रश्न. पक्षी बसलेलाच आहे तर एएफ-एस (एकदाच फोकस धरून थांबणारा मोड) का नको? एकदा लॉक झाला की हलत तर नाही.

सेन्सरवेडा

पक्षी बसलाय, तुम्ही नाही! टेलीचं वजन हातात धरून उभा माणूस श्वासागणिक पुढेमागे डुलतो, वारा फांदी हलवतो, आणि वर दिलेला हिशोब ३ सेंटिमीटरचा आहे. लॉक होऊन शटर दाबेपर्यंत तेवढं सहज सरकतं. एएफ-सी ठेवा, पण मेनूत त्याची प्रायॉरिटी बघा. "रिलीज" असेल तर फोकस लागो न लागो, शटर पडणार. ट्रायपॉडवर, वारा नसताना, झोपलेल्या घुबडाला एएफ-एस खुशाल वापरा.

आता काडीच का पकडली जाते याबद्दल. बहुतेक मिररलेस सेन्सरवरचे फोकस शोधणारे फेज डिटेक्शन पिक्सेल एकाच दिशेने तुलना करतात. कॅमेरा आडवा धरला की त्यांना उभ्या कडा चांगल्या कळतात, आडव्या जवळपास नाहीत. समोर उभी डहाळी आणि मागे छातीवर आडव्या रेघा असलेला पक्षी, तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने डहाळीच ठळक. कॅमेरा थोडा तिरका करा, लॉक घ्या, मग सरळ करा. विचित्र वाटेल, पण करून बघा. ओएम-१ सारख्या काही बॉडींमध्ये दोन्ही दिशांची सोय आहे.

डीएसएलआरमध्ये वेगळीच गंमत: प्रत्यक्ष फोकस सेन्सर व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असतो. चौकोन पक्ष्यावर, काडी चौकोनाबाहेर, तरी फोकस काडीवर. पॉइंट डोळ्यावरच हवा हा हट्ट सोडून काडीपासून लांबची जागा धरा. खांदा आणि डोळा एकाच अंतरावर असतील तर खांदाही चालेल.

एकटाकी

सेन्सरवेड्यांनी भारी लिहिलंय. त्यात भर: लोक ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी "लॉक्ड ऑन" करून ठेवतात, कॅननचा केस २ किंवा निकॉनमधला ब्लॉक्ड शॉट ५ वर. मध्ये फांदी आली तरी कॅमेरा पक्षी सोडत नाही हे खरं. पण पहिला लॉकच काडीवर झाला असेल तर तो काडीही तितक्याच निष्ठेने सांभाळतो. अशा वेळी अंगठा उचलायचा आणि पुन्हा दाबायचा, दाबून धरून वाट बघायची नाही.

शेवरी

एवढं लिहिण्यापेक्षा दोन पावलं डावीकडे सरका ना. नव्वद टक्के काड्या जातात.

वाटसरू पनवेल

सरकतोच, शेवरी. पण पायवाट सोडून आत शिरणारे, "क्लीन शॉट" साठी घरट्याभोवतीच्या डहाळ्या मोडणारे पाहिलेत. सावली गेली की पिल्लं उन्हात भाजतात आणि कावळ्याला घरटं दिसतं. त्यापेक्षा काडीमागचा धूसर फोटो परवडला.

एकटाकी, तुमचा अंगठ्याचा मुद्दा मान्य. पण तो माझ्याच बाजूने जातो. पहिला लॉक कशावर करायचा हे माणसाने ठरवावं, एवढंच माझं म्हणणं. तो एकदा पक्ष्यावर बसला की पुढे कॅमेऱ्याने खुशाल सांभाळावं.

एकटाकी

मग "सरळ बंद करतो" कशाला लिहिलंत? दोन्ही ठेवा. मागच्या एएफ-ऑन बटणावर डिटेक्शन, शेजारच्या बटणावर बारीक पॉइंट. आजच्या बऱ्याच बॉडींत होतं. बारीक पॉइंटने पक्ष्याच्या अंतरावर यायचं, अंगठा सरकवायचा, डोळा आपोआप. सोनीत आणि नव्या कॅननमध्ये तर छोट्या पॉइंटसोबतच डिटेक्शन चालतं. निकॉन झेडवाल्यांना सिंगल पॉइंटमध्ये ते मिळत नाही, त्यांनी वाइड एरिया स्मॉल (छोटी चौकट) घ्यावा.

वाटसरू पनवेल

दोन बटणांचं ठीक, पण जो क्षण हवा असतो तेव्हाच माझा अंगठा चुकीच्या बटणावर असतो. निखारांचा थवा डोक्यावरून जाताना कोणतं बटण कुठलं याचा विचार मला नको.

एकटाकी

अंगठ्याचा दोष डिटेक्शनवर ढकलू नका राव. घरी बसून खिडकीतल्या बुलबुलावर सराव करा.

नवशिका

आणि पावसाच्या तोंडावर नवरंग पक्ष्यासाठी? जूनमध्ये कर्नाळ्यात सकाळीसुद्धा अंधारच असतो. बारीक पॉइंट तिथे चालेल?

सेन्सरवेडा

अडखळेल. कॉन्ट्रास्ट कमी, पॉइंट लहान, लेन्स नुसती पुढेमागे फिरत राहील. एक पायरी मोठा घ्या, म्हणजे मधला पॉइंट आणि शेजारचे चार. नवरंग बहुधा जमिनीवर पाचोळा उकरत असतो, समोर काड्यांपेक्षा पानं जास्त. आधी पाचोळ्यावरच फोकस आणून ठेवा, तो चालत तुमच्या अंतरात येईल.

जुनी काच

आणि लिमिटर काढा!