अनुभव सांगा: गावची कला फोनवरून विकताना काय काय झालं?

मिरजेत मामाकडे तानपुरे, सतारी बनतात. भोपळा कापण्यापासून जवारी काढण्यापर्यंत (म्हणजे तारेखालची घोडी घासून गुंजणारा आवाज आणेपर्यंत) सगळं घरातच. आता मामेभाऊ इन्स्टा पेज काढतोय आणि मामा म्हणतो फोनवर बघून वाद्य कोण घेणार. तुमच्यापैकी कोणी असं घरचं काही ऑनलाइन विकत असेल तर लिहा ना. कौतुक नको, कुठे अडतं आणि पैसे कशात सुटतात ते सांगा.

करकर_वहाण
आमच्यात सासरे कोल्हापुरी चप्पल शिवतात, व्हॉट्सअ‍ॅप मी बघते. मोठी डोकेदुखी म्हणजे माप. गिऱ्हाईक लिहितं 'सात नंबर', पण त्याच्या बुटाचा सात वेगळा, आमचा सात वेगळा. म्हणून आता कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखायला सांगते, शेजारी पट्टी ठेवून बरोब्बर वरून फोटो. तरी लोक कागद गादीवर ठेवून आखतात! अंगठा अडकवायच्या पट्ट्याचं माप वेगळं विचारावं लागतं, तो सैल झाला की चप्पल पायात राहत नाही. नवी चप्पल घट्टच असते, कातडं हळूहळू पाय धरतं, हे सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून सासऱ्यांच्या आवाजात व्हॉइस नोट करून ठेवलीय, माझ्या मेसेजपेक्षा लोक तीच ऐकतात. कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली, पार्सल परत आलं की दोन्हीकडचं भाडं आपल्याच बोकांडी.

2025 च्या जूनमध्ये प्राडाने (इटलीचा बडा फॅशन ब्रँड) मिलानला आपल्यासारखीच चप्पल दाखवली आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमचा फोन नुसता तापला होता. निम्मे 'तुमची केवढ्याला' विचारून गायब. पण 'ओरिजिनल आहे का' विचारणारे तेव्हापासून वाढलेत हे खरं. 2019 चं जीआय (म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन) आहे, त्यात आपल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातलेही चार आहेत असं सांगितलं की इथलेच काहीजण माझ्यावर चिडतात. चिडू देत, तिकडेपण पिढ्यानपिढ्या शिवतातच की.

सूरमयी
मिरजवाले दादा, मी न्यू जर्सीत गाणं शिकते, तानपुरा तिकडूनच मागवलाय म्हणून सांगते. व्हिडिओ कॉलवर वाद्य ऐकवू नका. सलग चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून फोन तो दाबून टाकतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं जवारीच बोलत नाही. शांत खोलीत नीट रेकॉर्ड करा आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पॅकिंग करतानाचाही व्हिडिओ ठेवा, भोपळा फुटून आला तर क्लेमला लागतो. आणि हो, मामांना कॅमेऱ्यासमोर बसवाच, मी ऑर्डर दिली ती जवारी घासतानाचा व्हिडिओ बघून.

येवल्याचा_पोर
पैठणीत भांडण रंगाचं. धूप-छाँव (उभा-आडवा धागा वेगळ्या रंगाचा) पोत असेल तर फोनमध्ये एकच रंग येतो, दुसरा जातो कुठे देव जाणे. मी ऊन असताना साडी हातात हलवत व्हिडिओ काढतो, फिल्टर नाही. आणि पदर उलटा करून दाखवतो, हातमागाची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, सेमीला (मशीनवरच्या पैठणीला) मागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. हे एकदा दाखवलं की किमतीवर घासाघीस बरीच कमी होते. तरी 'बाजारात अडीच हजाराला मिळते' म्हणणारा एकतरी रोज भेटतोच. त्याला मी म्हणतो, घ्या ना मग.

गंजिफावेडी
सावंतवाडी. आमचे दशावतारी गंजिफे म्हणजे 120 गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. लोक भिंतीवर लावायला घेतात, खेळायचं कोणाला माहीतच नाही. मग मी रील्समधून खेळच शिकवायला लागले. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या, ह्या एका रीलवर इतक्या चौकशा आल्या की विचारू नका. हाताने रंगवलेला संच परवडत नाही त्यांच्यासाठी छापील ठेवलाय, त्यावर 'छापील' असं ठळक लिहून. काही कलाकारांना तो मान्य नाही, त्यांचंही चुकीचं नाही, पण माझं महिन्याचं भाडं छापील संचच काढतो.

गेरू_तांदूळ
डहाणू. वारलीला 2014 मध्ये जीआय मिळालं तरी चोरी काही थांबली नाही, रात्री चित्र टाकलं की दुसरीकडे कुर्तीवर छापून विकायला तयार. आता मी पूर्ण चित्र टाकतच नाही, तुकडा टाकतो, नाहीतर आईचा हात चालताना दाखवतो. आणि लग्नातला देवचौक, म्हणजे भिंतीवरचं देवीचं चौकोनी चित्र, मगवर, कोस्टरवर काढून देत नाही. तो सवाशिणींनी लग्नघरात लिहायचा असतो, त्यात पालघट देवी बसते, तिच्यावर चहाचा कप कसा ठेवू? एका कॉर्पोरेट ऑर्डरवाल्यांनी पैसे वाढवून दिले तरी आई नाहीच म्हणाली. तारपा नाच (तारपा वाद्यावरचा नाच) घ्या, शेतीची चित्रं घ्या, हवं तेवढं देतो.

करकर_वहाण
@गेरू_तांदूळ दादा, तारपा नाच चपलेच्या खोक्यावर छापायला द्याल का? रीतसर पैसे देऊन, खाली तुमच्या आईंचं नाव घालून. मेसेज केलाय.