मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी कोणाला सोडू?

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत घरी १५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी लावून सहा आठवडे झाले. पाण्याच्या चाचणीत अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, विशिष्ट घनता १.०२५, तापमान २५ अंश. दगडांवर तपकिरी शेवाळ आलंय, ते चालायचंच.

मुलीला निळा टँग मासा हवाय. तो फूटभर वाढतो, त्यामुळे सध्या समजूत काढणं चालू आहे! माझ्या मनात क्लाउनफिशची जोडी आहे (समुद्रातून पकडलेली नव्हे, टाकीत पैदास केलेली). सोबत लगेच फायरफिश मासा सोडू की महिनाभर थांबू? (उड्या मारतो म्हणे, वर जाळी लावली आहे.)

प्रवाळांत झोअँथिड आणि मश्रूम या प्रकारांपासून सुरुवात करावी म्हणतोय. झोअँथिड विषारी असू शकतात, म्हणून हातमोजे आणलेत. झेनिया हे मऊ प्रवाळ कोणी ठेवलंय का? आवरत नाही इतकं पसरतं का? आणि ॲनिमोन (समुद्रफूल) इतक्यात नकोच ना?