कविता लिहून घेताना व्याकरण कधी शिकवायचं? (वय ८ ते १०)

शुद्ध_अशुद्ध:
तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, २८ मुलं, आठवड्याला ४० मिनिटांच्या दोन तासिका. कविता लिहा म्हटलं की 'नाचतो–वाचतो' सुरू होतं, आणि यमक जुळावं म्हणून मोरसुद्धा वाचायला बसतो. वह्यांत लाल खुणा केल्या की पुढच्या वेळी मुलं चारच ओळी लिहितात, त्याही पाठ्यपुस्तकातल्यासारख्या. व्याकरणाची तासिका वेगळी ठेवावी का?

ओळीमागे_ओळ:
वेगळी ठेवू नका. व्याकरण त्यांच्याच वाक्यांतून काढा. पण आधी कवितेचं.

पहिला महिना यमक बंद. दुसरा नियम: ओळीच्या शेवटी क्रियापद नको. मराठी वाक्यात क्रियापद आपसूक शेवटी येतं, म्हणून 'तो–तो, ते–ते' फुकटात जुळतं आणि मूल तिथेच थांबतं. क्रियापद शेवटून हलवलं की शब्दांची जागा बदलून बघावीच लागते.

विषय 'पाऊस' किंवा 'माझी आई' असा देऊ नका. 'दप्तराच्या तळाशी काय सापडलं', 'दाराबाहेरच्या चपला' असा हाताला लागणारा द्या. 'छान', 'सुंदर', 'मस्त' हे तीन शब्द फळ्यावर लिहून खोडून टाका. त्यांच्याऐवजी रंग, आकार, स्पर्श किंवा आवाज. बांधणीसाठी अष्टाक्षरी पुरे, दर ओळीत ८ अक्षरं:

ओल्या वाटेच्या कडेला
एक चप्पल उलटी

('उलटी'वर वर्ग हसेल, हसू द्या.) टाळ्या वाजवून अक्षरं मोजायला लावा.

लघुगुरू:
बाकी पटलं, टाळ्या नकोत. मराठीत बोलताना शब्दाच्या शेवटचा आणि बऱ्याचदा मधला 'अ' गळतो. 'उलटी' आपण 'उल्टी' म्हणतो, 'चप्पल'ला दोनच टाळ्या पडतात. वरच्या दुसऱ्या ओळीला बोलून ५ टाळ्या येतात, लिहून ८ अक्षरं. मुलं गोंधळतात ती इथे, आणि चूक त्यांची नसते.

गणिताची चौकटींची वही घ्या, एका चौकटीत एक अक्षर. जोडाक्षर एकाच चौकटीत: च | प्प | ल. अनुस्वाराला वेगळी चौकट नाही, 'आंबा' दोनच. चौकटी भरल्यावर ओळ चालीवर म्हणून घ्या. चालीत गळलेला 'अ' परत ऐकू येतो.

मात्रा आणि गण या वयात अजिबात नकोत. अष्टाक्षरी हाताला बसली की अभंगाची ६-६-६-४ अशी मांडणी देता येईल. यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याला, म्हणजे ओढाताणही कमी.

वेलांटी_उकार:
तपासण्याबद्दल. एका खेपेला एकच प्रकारची चूक बघायची, पानावर जास्तीत जास्त तीन खुणा, त्याही समासात आणि पेन्सिलीने. शब्दावर रेघ ओढायची नाही. 'या ओळीत एक आहे' एवढीच खूण. शोधायचं काम मुलाचं. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावलात तर तिसऱ्या वेळेपासून फक्त हात चालतो.

काय आधी घ्यायचं? या वयात दोन चुका सर्वांत जास्त भेटतात.

पहिली, सामान्यरूप. 'फूल' दीर्घ, 'फुलाला' ऱ्हस्व. 'गरीब', पण 'गरिबाला'. प्रत्यय लागला की मूळ शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व होतो. 'शरीर–शरीराला' असे तत्सम (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले) शब्द अपवाद आहेत. ते आत्ता काढू नका, एखाद्या वहीत सापडले तरच सांगा.

दुसरी, 'मी गोष्ट वाचलो'. फळ्यावर तीनच ओळी: धडा वाचला, गोष्ट वाचली, पुस्तक वाचलं. क्रियापद कुणाकडे बघून बदललं, हे मुलांना विचारा. 'कर्मणी प्रयोग' हे नाव नंतर आलं तरी चालतं. नुसतं 'मी वाचलो' म्हणजे जीव वाचला, हे मात्र लगेच लक्षात राहतं. काही बोलींत 'मी गोष्ट वाचलो' हेच रूढ आहे. पात्राच्या तोंडी असेल तर तिथे खूण करू नका.

तासिका अशी बसते: ५ मिनिटं बोलणं, १२ लिहिणं (यात शुद्धलेखनाचा प्रश्न विचारायचा नाही, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचं), ८ जोडीत मोठ्याने वाचणं, १० मिनिटं त्यांच्याच चार वाक्यांवर व्याकरण, ५ मिनिटं फक्त दोन ओळी पुन्हा लिहिणं. सगळी कविता पुन्हा लिहायला लावली की दुसरा खर्डा म्हणजे सुंदर अक्षरातली पहिलीच कविता होते. फळ्यावरची वाक्यं नावाशिवाय लिहा.

शुद्ध_अशुद्ध:
चौकटी उद्याच करून बघते. आणखी एक: चार-पाच मुलं कोरं पान देतात. त्यांना सुरुवात करून दिली तर तेवढीच ओळ उतरवून थांबतात.

ओळीमागे_ओळ:
'काय नाही' ते लिहायला सांगा. 'माझ्या दप्तरात...' असं सुरू होणाऱ्या पाच ओळी, प्रत्येकीत नसलेली एक वस्तू. शोधायचं काही नसतं, म्हणून अडत नाहीत. 'पट्टी नाही', 'पेन्सिली नाहीत' असं एकवचन-अनेकवचनही येऊन जातं. इथे मात्र क्रियापद शेवटी चालेल. तरीही कोरं राहिलं तर त्याला सांगू द्या आणि तीन ओळी तुम्ही लिहा, त्याच्याच शब्दांत, चुका न सुधारता. चौथी ओळ त्याची.